आखाजीची हाफ मॅरेथॉन

मागे मंडळाच्या सहलीत एका नववीतल्या मुलाने मला विचारलं, "काका, तुमची पहिली हाफ मॅरेथॉन कुठली?" 'काका' पचवायला मला दोन सेकंद लागले. मग म्हटलं, "बहादरपूर." पठ्ठ्याने लगेच फोनवर शोधलं. तशी स्पर्धा सापडेना. सापडणार कुठून? या स्पर्धेला बिब नव्हता, मेडल नव्हतं, झुंबा वॉर्मअप नव्हता आणि स्पर्धक एकच होता. तारीख होती २६ एप्रिल २०२०. त्याला वाटलं, काका फेकतायत. म्हणून हा लेख.

बहादरपूर हे माझं गाव. मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर शहराला पश्चिमेकडून लागून म्हणावं इतकं जवळ. बुऱ्हाणपूर म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आठवतात. मुमताज महल १६३१ मध्ये तिथे वारली आणि ताजमहालाआधी तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं होतं. आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरवर छापा घातला. तेव्हा लुटल्या गेलेल्या पेठांमध्ये बहादुरपुरा ही श्रीमंत पेठ होती. ती पेठ म्हणजे आम्हीच, असं आमच्या गावात छाती काढून सांगतात. लुटले गेल्याचा एवढा अभिमान दुसऱ्या कुठल्या गावाला असेल असं वाटत नाही!

कारभार मध्य प्रदेशाचा असला तरी घरात आम्ही मराठी, बाजारात हिंदी, आणि सणवार सगळे खानदेशचे. आमची केळी, आमची सोयरीक, आमची भरीत-भाकरी, सगळ्याचं तोंड रावेर-भुसावळकडे. माझी मोठी बहीण रावेरलाच दिलेली आहे. आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. मधे राज्याची सीमा लागते, पण ती आम्हाला फक्त मोबाइलवर मेसेज आला की कळायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. बीई झाल्यापासून खुर्चीत बसून कोड लिहिणं हेच आयुष्य, त्यामुळे तिशीत पोट सुटलं आणि धावायला लागलो. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप होता. रविवारी वेताळ टेकडी, कधी सिंहगड, मग इडली आणि गप्पा. डांबर सोडून पायवाटेने, चढउतारावरून धावायचं, त्याला ट्रेल रनिंग म्हणतात हेही मला तिथेच कळलं. खरं सांगायचं तर मी धावण्यासाठी कमी आणि इडलीसाठी जास्त जात होतो. एकट्याने कधी पाच किलोमीटरही धावलो नव्हतो.

२१ मार्चला सकाळी मी गावी पोचलो. ऑफिसने घरून काम करायला सांगितलं होतं आणि मला वाटलं होतं आठवड्याचा प्रश्न आहे. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि २५ पासून सगळा देश बंद. पुण्याहून आलेला म्हणून आशाताईंनी माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि चौदा दिवस घरातच वेगळं राहायला सांगितलं. आईने माझी गादी गच्चीवरच्या खोलीत टाकली. ताट पायरीवर यायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगणातून वर बघत "जेवला का?" एवढंच विचारायचे. तसं आमचं बोलणं आधीही एवढंच असायचं, त्यामुळे लॉकडाउनने त्यात फार फरक पडला नाही.

गच्चीची लांबी अकरा मीटर. पाच किलोमीटर करायचे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचारशे वेळा जावं लागतं. ते मी केलं. समोरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी आईला हाक मारून विचारलं, "पोराचं डोकं ठीक आहे ना?" त्याच दिवसांत बातमी वाचली की फ्रान्समध्ये एक जण आपल्या सात मीटरच्या बाल्कनीत पूर्ण मॅरेथॉन धावला. बेचाळीस किलोमीटर, म्हणजे सहा हजारांवर फेऱ्या. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "त्याच्या आईला काय वाटलं असेल!"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चौदा दिवस संपले. शेतीच्या कामांना तोवर सूट मिळाली होती. आमची चार एकर केळी आहे. थ्री फेज लाइट पहाटे यायची, म्हणून अप्पा साडेचारला मळ्यात जाऊन मोटर चालू करायचे. मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. मोटर चालू झाली की ठिबकच्या नळ्या तपासायच्या आणि मग तासभर बांधाबांधाने धावायचं, असा माझा बेत. नियमात 'शेतीचं काम' बसत होतं, 'धावणं' बसत नव्हतं. मी आपला नियमाच्या कडेकडेने चाललो होतो, हे आजही कबूल करतो.

पहिल्या दिवशी अप्पांनी माझे बूट पाहिले आणि किंमत विचारली. मी निम्मीच सांगितली. तरी म्हणाले, "लोक पोट भरायला पळतात. तुम्ही पोट उतरवायला पळता."

आमच्याकडची वाट पुण्याच्या टेकड्यांसारखी नाही. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, मधे काळ्या जमिनीचा सपाट पट्टा. पहिले दोन-तीन किलोमीटर केळीच्या बागांमधून जाणारी बैलगाडीची वाट. पहाटे बागेतून पाण्याचा गारवा येतो आणि पानं एवढी दाट की हेडटॉर्चशिवाय पाऊल दिसत नाही. मग नाला, मग रेल्वे. भुसावळ-खंडवा लाइन आमच्या शेतांपलीकडून जाते. एरवी दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाणारी ही लाइन त्या महिन्यात गप्प होती, फक्त मालगाड्या चालू होत्या. रूळ ओलांडले की जमीन हळूहळू चढते, काळी माती संपून मुरूम लागतो, बोरी-बाभळी लागतात आणि समोर सातपुड्याची निळी रेघ उजळायला लागते. एप्रिलअखेर आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे जे काही करायचं ते साडेसातच्या आत.

एकट्याने धावायचं म्हटल्यावर मी स्वतःसाठी काही नियम केले. नेहमीच्या वेगापेक्षा हळूच धावायचं, कारण पाय मुरगळला तर उचलायला कुणी नाही आणि त्या दिवसांत दवाखान्यात एक जागा अडवणं म्हणजे गुन्हाच. कानात हेडफोन नाहीत, कारण बागेत रानडुकरं असतात आणि बांधावर घोणस. सोबत पाणी, शिट्टी आणि रुमाल. कुणी समोरून आलं तर आपण वाट सोडून शेतात उतरायचं. तेव्हा व्हॉट्सअॅपवर बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या इंजिनिअरांनी केलेलं एक चित्र फिरत होतं. धावणाऱ्याच्या मागे थेंबांचा ढग राहतो, म्हणून त्याच्या पाठीमागे दहा मीटर अंतर ठेवा, असं त्यात होतं. तो अभ्यास तेव्हा रीतसर तपासून प्रसिद्ध झालेला नव्हता आणि त्यातून लागण किती होते हेही कळत नव्हतं. पण मला त्यातली एक गोष्ट पटली. धावणारा माणूस जिथून जातो तिथे आपलं काहीतरी मागे ठेवून जातो.

आणि शेवटचा नियम अप्पांचा. मी त्यांना फोनवर लाइव्ह लोकेशन कसं बघायचं ते शिकवत होतो. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "हे नको. कुठून कुठं जाणार ते सांग आणि किती वाजता येणार ते सांग." मग मी रोज सांगायचो. नाल्यापर्यंत, चिंचेवरून परत, पावणेसात. फाटकापलीकडे, मोठ्या बाभळीवरून परत, सात. ते ऐकून घ्यायचे आणि मोटरच्या खोलीत जायचे. ऐकलं की नाही, हेही कळायचं नाही.

एप्रिल तसाच सरकत होता. दिवसा गच्चीवरच्या खोलीत माझे कॉल चालायचे आणि खाली अप्पांचे. त्यांचे व्यापाऱ्यांना. केळी तयार होती आणि गाड्या येत नव्हत्या. कापूस घरात ठेवता येतो, केळी थांबत नाही. जो भाव सांगितला जायचा त्यात कापणीची मजुरीही सुटत नव्हती. काही घड झाडावरच पिवळे व्हायला लागले. अप्पा ते कापून बांधावर ठेवायचे आणि गुरांना घालायचे. मी पगार चालू असलेला माणूस. मी म्हटलं, "अप्पा, पैशांची काळजी करू नका, मी आहे ना." ते बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. आज कळतं, ते पैशांबद्दल नव्हतंच. वर्षभर लेकरासारखं सांभाळलेलं पीक गुरांपुढे टाकणाऱ्या माणसाला मी माझी सॅलरी स्लिप दाखवत होतो.

त्यात आखाजी आली.

आपल्यातल्या ज्यांची मुळं खानदेशात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि ती आमच्याकडे दिवाळीच्या तोडीची. पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो, सांजोऱ्या होतात. पण खरा सण लेकींचा. सासरी गेलेल्या मुली आखाजीला माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ताईची एकही आखाजी चुकलेली नव्हती. दोघी भाच्या तर झोक्यासाठी महिनाभर आधीपासून फोन करायच्या.

२०२० ची आखाजी २६ एप्रिलला, रविवारी होती. सीमेवर नाकं, गाड्या बंद, पास फक्त अगदी अडचणीसाठी. 'मुलीला झोका खेळायचा आहे' ही अडचण कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती.

गुरुवारी रात्री मला कल्पना सुचली. रावेर वीस किलोमीटर. रस्त्याने पोलीस असतील, पण बांधाबांधाने, केळीच्या बागांमधून कोण बघतंय? पहाटे निघालो तर अडीच-तीन तासांत ताईच्या दारात. पाठीवर सांजोऱ्यांचा डबा. मी एकटा, तोंडाला रुमाल, वाटेत कुणाला शिवणार नाही, कुणाशी बोलणार नाही. मला ती कल्पना इतकी आवडली की झोप लागेना. एवढे दिवस उगाच धावतोय असं वाटत होतं, त्याला आता कारण मिळालं होतं.

सकाळी ताईला फोन केला. मला वाटलं होतं ती रडेल, हसेल, 'वेडा आहेस का' म्हणेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, सासूबाईंना दमा आहे. तू आलास तर तुला दारातूनच परत पाठवावं लागेल मला. आखाजीला भाऊ दारात आला आणि मी त्याला पाणीसुद्धा न देता परत पाठवला, हे मला आयुष्यभर पुरेल. त्यापेक्षा येऊ नकोस."

मी चिडलो. म्हटलं, "अगं, मी एकटाच धावत येणार आहे, कुणाचा संबंध नाही."

"वाटेत एकटाच असशील रे," ती म्हणाली, "पण निघशील आईकडून आणि पोचशील माझ्याकडे."

फोन ठेवल्यावर मी आईकडे तक्रार केली. आई रवा भाजत होती. वर न बघता म्हणाली, "बरोबर बोलली ती."

मला पटायला दिवस लागला. एकट्याने धावणं म्हणजे कुणाला त्रास नाही, अशी माझी समजूत होती. पण त्या वाटेच्या दोन्ही टोकांना घरं होती आणि दोन्ही घरांत म्हातारी माणसं होती. महिनाभर मी जे नियम पाळत होतो ते सगळे मधल्या रिकाम्या वाटेसाठी होते, जिथे त्यांची सगळ्यात कमी गरज होती.

मग ठरवलं, तेवढंच अंतर धावायचं, पण आपल्याच बाजूला. पश्चिमेला सीमेकडे न जाता उत्तर-पूर्वेला, वळसे घेत, कुंडी भंडाऱ्यापर्यंत आणि परत. आईने निघताना दोन सांजोऱ्या कागदात बांधून दिल्या. "एक तुझी, एक ताईची. तिच्या वाटची पण तूच खा." अप्पांना सांगितलं, कुंड्यांवरून परत, साडेसात. ते म्हणाले, "लांब आहे." आणि मोटरच्या खोलीत गेले. पाच वाजून पाच मिनिटांनी मी निघालो.

कुंडी भंडारा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय माहीत नाही. बुऱ्हाणपूरला गेलात तर चुकवू नका. अब्दुर्रहीम खानखाना, तेच दोहे लिहिणारे रहीम, इथले सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास हे काम झालं. आखणी तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी भूगर्भतज्ज्ञाची. सातपुड्याच्या उतारावरून पाणी जमिनीखालून झिरपत तापीकडे जातं, ते वाटेतच गाठायचं आणि जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराच्या जोरावर शहराकडे न्यायचं. पंप नाही, रहाट नाही. या बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खणल्या आहेत. हवा आत जायला, माणसाला उतरून गाळ काढायला. त्याच कुंड्या. एकीपासून दुसरी साधारण वीस मीटरवर, अशा शंभराहून जास्त. चारशे वर्षं झाली तरी आत पाणी वाहतंय. २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं.

लिफ्टने आत उतरवतात ती जागा अर्थातच बंद होती. पण कुंड्यांची गोल तोंडं उघड्या माळावर एका रांगेत दिसतात. त्या बाजूला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मी रांगेच्या कडेने धावत गेलो. एक कुंडी, मोकळी जमीन, पुढची कुंडी, मोकळी जमीन. शाळेच्या सहलीत इथे आलो होतो तेव्हा मला या वेगवेगळ्या विहिरीच वाटल्या होत्या. एका कुंडीपाशी थांबून कान दिला. खाली खोल पाण्याचा आवाज होता. तिथे बसून माझी सांजोरी खाल्ली. ताईची ठेवली. का ते माहीत नाही, खाववेना.

परत येताना ती माणसं दिसली.

रेल्वेलाइनच्या कडेने सहा जण चालत येत होते. चार पुरुष, एक बाई, आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. डोक्यावर बोचकी, पायात रबरी चपला. भुसावळकडून आले होते. मी सवयीने वाट सोडून खाली उतरलो, रुमाल वर केला. त्यांनीही तसंच केलं. दहा मीटरवरून एकाने विचारलं, "भैया, खंडवा कितना दूर है?"

"सत्तर किलोमीटर," मी म्हणालो.

रोज किलोमीटर मोजणारा माणूस मी. घड्याळात, अॅपमध्ये, महिन्याची बेरीज, आठवड्याची सरासरी. पण 'सत्तर किलोमीटर' हे शब्द तोंडातून निघाल्यावर त्या मुलाने बापाकडे ज्या नजरेने पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा आकडा किती मोठा आहे. आणि खंडव्याला त्यांचं घर नव्हतंच. घर पुढे, रीवाकडे होतं.

मी माझी बाटली आणि ताईची सांजोरी एका दगडावर ठेवली आणि मागे सरकलो. मुलाने सांजोरीचे तुकडे केले आणि सगळ्यांना दिले. अर्धा लिटर पाणी सहा जणांत काय पुरणार? म्हटलं, पुढे आमचं शेत आहे, मोटर चालू आहे, माझ्यामागून या. पुढे मी, मागे दहा-बारा मीटरवर ते. अर्थात धावता येईना. मी चाललो.

फाटकाच्या अलीकडे मोटरसायकलचा आवाज आला. अप्पा. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, डोळे लाल. आठ वाजून गेले होते. गाडी थांबायच्या आत ओरडले, "घड्याळ आहे ना हातात? एवढं महागाचं? साडेसात म्हणाला होतास! नाल्यात बघितलं, चिंचेखाली बघितलं..." आणि मग त्यांचं लक्ष माझ्यामागे गेलं. ते थांबले. त्या मुलाकडे बघत राहिले. मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "केले खाओगे?"

मळ्यात पाइपमधून धो धो पाणी पडत होतं. ती माणसं प्यायली, तोंड-पाय धुतले, मुलगा पाण्याखाली जाऊन बसला. अप्पांनी बांधावरचे पिकलेले घड उचलून खाटेवर ठेवले आणि लांब जाऊन उभे राहिले. केळी खातायत ते बघत राहिले. महिनाभरात मी त्यांना पहिल्यांदा सैल झालेलं पाहिलं. ती माणसं उरलेले दोन घड घेऊन गेली.

माझ्या घड्याळात २१.३ किलोमीटर झाले होते. वेळ तीन तास पस्तीस मिनिटं. बऱ्याच स्पर्धांमध्ये एवढ्या वेळात गेट बंद होऊन मांडव निघालेला असतो.

मी मोटरच्या खोलीत पाणी प्यायला गेलो. भिंतीवर केळीच्या खतवाल्याचं कॅलेंडर होतं. अप्पा त्यावर मोटरच्या वेळा लिहायचे, हे मला माहीत होतं. जवळून कधी पाहिलं नव्हतं. ६ एप्रिलपासून प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन ओळी होत्या. 'मोटर ४.४० ते ८.००.' आणि खाली 'पोरगा ५.१० ते ६.४५.' रोजच्या. एकही दिवस सुटलेला नाही. २६ च्या चौकोनात 'पोरगा ५.०५ ते' एवढंच होतं आणि पुढची जागा रिकामी. अप्पा आत आले, कानावरचं पेन काढलं आणि लिहिलं, '८.४०. सहा माणसं.' माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

आता घरी जायचा प्रश्न होता. घरात आई. अप्पा म्हणाले, "आपण दोघं चौदा दिवस इथंच राहू." ताईचं बोलणं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते न सांगता कळलं होतं. दोन खाटा, मधे सहा फूट. जेवणाचा डबा शेजारचा मुलगा बांधावर ठेवून जायचा. आखाजीची पुरणपोळी आणि रस आम्ही बापलेकांनी केळीच्या पानावर खाल्ला. संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा भाच्यांनी त्यांच्या पडवीत बांधलेला दोरीचा झोका दाखवला. ताईला मी सांगितलं, तुझ्या वाटची सांजोरी सहा जणांनी खाल्ली. ती म्हणाली, "मग पोचली."

ते चौदा दिवस मी अप्पांबरोबर जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोललो नसेन. लॅपटॉप मोटरच्या खोलीत, नेटवर्क लिंबाच्या झाडाखाली. पहाटे मी धावायचो, ते वेळ लिहायचे. मग आम्ही फाटकापाशी एक माठ आणि केळीचे घड ठेवून यायचो. सगळे घड दुपारपर्यंत संपायचे असं नाही. काही दिवशी तसेच परत आणले. पण गुरांपुढे टाकण्याआधी ते एकदा माणसांपुढे ठेवले जात होते, आणि अप्पांना तेवढं पुरत होतं.

८ मे ला सकाळी फोनवर बातमी आली. औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळला चालत निघाले होते, गाडी मिळेल म्हणून. आमच्याच मध्य प्रदेशचे. अप्पांनी बातमी दोनदा वाचायला लावली. आपल्या फाटकावरून गेलेल्यांपैकी कुणी नव्हतं, कारण ते भुसावळच्या अलीकडेच होते, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "आले असते तर इथूनच गेले असते." त्या दिवसापासून ते फाटकावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, पटरी सोडून शेतवाटेने जा, इथून डावीकडे, मग नाला. माझी धावायची वाट ते सगळ्यांना सांगत होते. फक्त ऐकून घ्यायचे असं मला वाटायचं, पण त्यांना ती वळणावळणासकट पाठ होती.

पुढचं थोडक्यात. त्या वर्षी स्पर्धा सगळीकडेच बुडाल्या. १८९७ पासून चालत आलेली बोस्टन मॅरेथॉनही प्रत्यक्ष झाली नाही. २०२१ ची आखाजी १४ मे ला, दुसऱ्या लाटेत आली. तीही चुकली. ताई माहेरी आली ती २०२२ च्या आखाजीला, ३ मे ला. सोबत सासूबाईही आल्या, दमा आणि पंप दोन्ही घेऊन. झोक्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी पळत येणार होतास म्हणे? यायचं होतंस की. मी काही एवढी लेचीपेची नाही." ताई आणि मी एकमेकांकडे पाहून गप्प बसलो.

तेव्हापासून बऱ्याच स्पर्धा धावलो. बिब घालून, मेडल घेऊन, वेळही पुष्कळ सुधारली. आता बंगळूरात पुन्हा ग्रुप आहे आणि धावल्यानंतरची इडली तर आहेच. पण महिन्यातून एकदा एकटा जातो. तुमच्यापैकी कुणाला एकट्याने ट्रेलवर जायचं असेल तर जरूर जा. पाणी न्या, शिट्टी न्या, हेडफोन घरी ठेवा. आणि निघण्याआधी कुणाला तरी सांगा, कुठून कुठं आणि किती वाजता.

मी अजूनही सांगतो. निघताना गावी फोन करतो. "अप्पा, तळ्याला वळसा, सात वाजता." ते "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. बंगळूरचं तळं त्यांनी पाहिलेलं नाही. पण गेल्या दिवाळीत मळ्यात गेलो तेव्हा मोटरच्या खोलीत नवं कॅलेंडर होतं, आणि त्यात महिन्यातून एका रविवारी, मोटरच्या वेळेखाली, अजून एक ओळ असते.